जुन्या कागदातला बिघा आजच्या हेक्टरात कसा उतरवायचा?

मांडवीकर (वडोदरा)

आमच्या घरात जपून ठेवलेले दोन मोडी कागद आहेत. एक देशावरचा, सातारा बाजूच्या मूळ गावच्या जमिनीचा. त्यात 'जमीन बिघे ६ पांड १०' अशी नोंद आहे. दुसरा पादऱ्याजवळच्या गावचा, घराणे बडोद्यात स्थिरावल्यानंतरचा, गायकवाडी अमलातला. त्यात 'बिघे १४ वसे १०' आहेत.

पुतण्याने मोबाइलवर 'बिघा ते हेक्टर' असे करून देणारे एक पान उघडले, दोन्ही आकडे घातले आणि दोन मिनिटांत उत्तरे घेऊन आला. दोन्हींना गुणक एकच! मला हे मुळीच मान्य नाही. देशावरच्या पाटलाने काठीने मोजलेला बिघा आणि पादऱ्याच्या तलाट्याच्या वहीतला विघा एकाच मापाचा कसा असेल?

जमिनीवर हक्क सांगायचा नाही, ते सगळे केव्हाच संपले. मी घराण्याचा इतिहास लिहून काढतो आहे. त्यात एकदा चुकीचा आकडा छापला गेला की पुढच्या चार पिढ्या तोच सांगत बसतील. म्हणून जाणकारांनी रीत समजावून सांगावी. आयता आकडा नको.

मोडीप्रेमी (वडोदरा)

मांडवीकर, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुमच्याच कागदांत आहे. बिघा हा शब्द फसवा आहे, कारण तो पंजाबपासून बंगालपर्यंत आणि खाली दख्खनपर्यंत सगळीकडे चालतो. खरी ओळख पटते ती त्याच्या पोटमापावरून.

कागदात 'पांड' आणि 'काठी' आली की ते दख्खनी मोजमाप : २० काठ्या १ पांड, २० पांड १ बिघा, आणि १२० बिघ्यांचा चाहूर. 'वसे' आले की गुजराती : २० वसे १ विघा. 'बिसवे' आले की हिंदुस्थानी : २० बिसवे १ बिघा, आणि बिसव्याच्या पोटात पुन्हा २० बिसवांसी. विसाचा पाढा तिन्हीकडे सारखा, म्हणून हिशेबाला बसलेल्या माणसाला फरक जाणवत नाही. पण ज्या काठीने किंवा गजाने मोजले ती लांबी तिन्हीकडे वेगळी.

म्हणजे तुमचा पहिला कागद दख्खनी बिघ्याचा आणि दुसरा गुजराती विघ्याचा. गायकवाडांचे दफ्तर मराठीत आणि मोडीत असले तरी गावची मोजणी गावच्या मापानेच नोंदली जाई. लिपीवरून माप ठरवायला जाऊ नका, ही चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे.

पादऱ्याची वाट

पादरा, डभोई, करजण, सगळीकडे आज जमिनीचा सौदा होताना १ विघा म्हणजे साडेतेवीस गुंठे धरतात. चौरस मीटरात २३७८. एका हेक्टरात साधारण ४.२ विघे. पण सौराष्ट्रातले पाहुणे आले की जपून बोलावे लागते, त्यांचा विघा १६ गुंठ्यांचा, म्हणजे एकरात अडीच विघे.

तुमच्या १४ विघे १० वसे म्हणजे साडेचौदा विघे. गुणिले २३७८ केले तर ३४,४८१ चौरस मीटर, म्हणजे ३ हेक्टर ४४ आर ८१ चौ.मी. गुंठ्यांत ३४० वर थोडे, साडेआठ एकर.

निवृत्त भूकरमापक (सातारा)

वरचा हिशेब आजच्या विघ्याने बरोबर आहे. मात्र मांडवीकरांचा कागद सर्व्हे होण्याआधीचा असला, तर साडेतेवीस गुंठे हा अंदाज म्हणूनच घ्यावा. बडोदे संस्थानात शास्त्रशुद्ध सर्व्हे झाला तो सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८० च्या दशकात सुरू होऊन. त्याआधी प्रत्येक परगण्याची मोजण्याची रीत वेगळी असू शकते.

आता देशावरच्या कागदाकडे येतो, कारण तिथे जास्त शिकण्यासारखे आहे.

शिवकाळच्या काठीचे माप सभासदाने बखरीत स्पष्ट दिले आहे. पाच हात आणि पाच मुठींची काठी, हात चौदा तसूंचा, हात-मुठी मिळून काठी ब्याऐंशी तसूंची. वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा. मोडीप्रेमी ताईंनी दिलेल्या कोष्टकाशी हे जुळते : वीस गुणिले वीस, चारशे चौरस काठ्या.

सगळा प्रश्न आता एकाच ठिकाणी येऊन थांबतो. हात किती इंचांचा?

दीड फुटाचा, म्हणजे १८ इंचांचा हात धरा. मग ८२ तसू म्हणजे १०५.४ इंच, काठी ८.७९ फुटांची. बिघ्याची बाजू १७५.७ फूट. क्षेत्र ३०,८७५ चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, त्याने भागले की २८.३५ गुंठे.

आता हात फक्त एक इंचाने मोठा करा, १९ इंच. काठी ९.२७ फूट, बाजू १८५.५ फूट, आणि क्षेत्र ३४,४०० चौरस फूट. गुंठे ३१.६.

हातात एक इंच वाढला आणि बिघ्यात सव्वातीन गुंठे वाढले. लांबीतली चूक क्षेत्रात जाताना जवळजवळ दुप्पट होते, कारण ती लांबीतही शिरते आणि रुंदीतही. तुमच्या ६ बिघे १० पांडांचे, म्हणजे साडेसहा बिघ्यांचे, पहिल्या हिशेबाने ४ एकर २४ गुंठे होतात आणि दुसऱ्याने ५ एकर ५ गुंठे. एकवीस गुंठ्यांचा फरक. देशावर अर्ध्या एकरावरून भाऊ भावाशी बोलायचे बंद होतात.

तेव्हा इतिहासात लिहिताना 'सुमारे साडेचार ते पाच एकर' असेच लिहा. दशांश चिन्हानंतर चार आकडे देणारे कोणतेही पान अशा बिघ्याबाबत खोटी खात्री देते.

मांडवीकर (वडोदरा)

काका, हे फार मोलाचे आहे. तसूपर्यंत कोणी उतरून सांगेल असे वाटले नव्हते. एक शंका. शिवकाळची काठी पेशवाईतल्या कागदाला लावता येईल का?

निवृत्त भूकरमापक (सातारा)

तशीच्या तशी लावू नये. काठी गावोगाव बदलत असे, आणि काही ठिकाणी जमिनीच्या प्रतीप्रमाणे बिघ्याचा आकारही बदले. हलकी जमीन असेल तर जास्त क्षेत्राला एक बिघा म्हणायचे, म्हणजे सारा भारी पडू नये. कोकणात तर जमिनीच्या प्रती करूनच सारा बसवत. शिवाय 'इतक्या पायलीच्या पेऱ्याची जमीन' अशा नोंदी असतात, तिथे क्षेत्र मोजलेलेच नसते, बियाणे मोजलेले असते. त्याला हेक्टरात नेण्याचा खटाटोप करू नये.

त्यापेक्षा चांगला रस्ता सांगतो. तुमच्या कागदात चतुःसीमा असतील : पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचे शेत, पश्चिमेस वाट. त्या सीमांवरून तोच तुकडा इंग्रजी सर्व्हेत कोणत्या सर्व्हे नंबरात आला हे शोधता येते. मुंबई इलाख्यातली ही मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून १८३५ च्या सुमाराला सुरू केली. तिची टिपणे (मोजणीच्या मूळ नोंदी), आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीचा तक्ता), गुणाकार बुक (क्षेत्राच्या हिशेबाची वही) भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. नंतर १९४७ च्या कायद्याने जमिनीच्या तुकड्यांचे एकत्रीकरण झाले असेल तर सर्व्हे नंबरचा गट नंबर झाला असेल, तेव्हा एकत्रीकरणाचा उतारा सोबत मागा.

असा तुकडा सापडला की गणित उलटे करता येते. सर्व्हेत तो ४ एकर ३० गुंठे भरला आणि कागदात साडेसहा बिघे आहे, तर तुमच्या गावचा बिघा सव्वाएकोणतीस गुंठ्यांच्या आसपास होता. हा आकडा कोणत्याही कोष्टकापेक्षा खरा, कारण तो तुमच्याच मातीतून निघालेला असतो.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

ग्वाल्हेरचे सांगतो. आमच्याकडच्या महसुली कागदात १ बिघा म्हणजे ०.२०९ हेक्टर धरतात. साधारण दीडशे फूट लांब, दीडशे फूट रुंद. जवळजवळ पाच बिघ्यांचा हेक्टर होतो.

पण मला यातले सगळ्यात देखणे गणित मोगली बिघ्याचे वाटते. अकबराने इलाही गज ठरवला, ४१ अंगुळांचा. साठ गज लांब आणि साठ गज रुंद तो बिघा, म्हणजे ३६०० चौरस गज. मोजायला आधी तागाची दोरी असे, ती ओली झाली की आखडायची आणि कोरडी झाली की सैल पडायची. म्हणून लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब आणली. रयतेच्या दृष्टीने हा केवढा मोठा न्याय! दव पडलेल्या सकाळी मोजले म्हणून सारा वाढायचा नाही.

पुढे वायव्य प्रांतात (आजच्या उत्तर प्रदेशाकडे) इंग्रजांनी हा गज ३३ इंच ठरवला. साठ गुणिले ३३ इंच म्हणजे १६५ फूट, ५५ यार्ड. बिघा ५५ गुणिले ५५ म्हणजे ३०२५ चौरस यार्ड. एकर ४८४० चौरस यार्डांचा, म्हणजे हा बिघा बरोबर पाच अष्टमांश एकर. गुंठा १२१ चौरस यार्डांचा. आता ३०२५ ला १२१ ने भागून पाहा. बरोबर २५. बाकी काही उरत नाही!

निवृत्त भूकरमापक (सातारा)

लष्करवासी, हे पंचवीस का येतात ते साखळीवरून कळते. गुंटरची साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. एडमंड गुंटर हा सतराव्या शतकातला इंग्रज गणिती. दहा चौरस साखळ्यांचा एकर व्हावा म्हणूनच ती लांबी निवडली. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरली आणि तिचे १६ आणे पाडले. ३३ गुणिले ३३ फूट म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, सोळा आण्यांचा गुंठा. तुमच्या बिघ्याची बाजू १६५ फूट, म्हणजे आमच्या पाच साखळ्या. पाच पंचे पंचवीस.

राजवाडा चौक (इंदूर)

मग माळव्याचेही जुळले. आमच्याकडे शेतकरी सरळ 'चार बिघ्यांचा हेक्टर' म्हणतात. पाच अष्टमांश एकर हेक्टरात ०.२५३ येतो, म्हणजे पाव हेक्टरच.

म्हणजे पाहा, शिंद्यांच्या ग्वाल्हेरात ०.२०९, होळकरांच्या इंदुरात ०.२५ च्या आसपास, गायकवाडांच्या बडोद्यात ०.२३८. तिन्ही दरबारांचे कागद मराठीत, आणि बिघे तीन! मी तर असे पाहिले आहे की संपूर्ण मध्य प्रदेशाला एकच बिघा लावून मोकळी होणारी पाने आहेत. त्या आकड्याने शेत घेऊ नका.

जिज्ञासू (वडोदरा)

सगळ्यांना नमस्कार. प्रश्न सोपा असेल, तरी विचारतो. आमच्या जुन्या उताऱ्यावर ३-१५ असे आहे. बाबांनी ते ३.१५ एकर धरून हेक्टर काढले. बरोबर ना?

निवृत्त भूकरमापक (सातारा)

नाही. बरे झाले विचारलेत, कारण ही गल्लत रोजची आहे. ३-१५ म्हणजे ३ एकर १५ गुंठे. गुंठे चाळिसाने भागायचे : ३.३७५ एकर. चौरस मीटर १३,६५८, म्हणजे १ हेक्टर ३६ आर ५८ चौ.मी. ३.१५ धरले तर १२,७४८ येतात आणि बरोबर ९ गुंठे हरवतात. तिसरा आकडा असेल, उदाहरणार्थ ३-१५-८, तर तो आण्यांचा, आठ आणे म्हणजे अर्धा गुंठा.

नव्या उताऱ्यावर मांडणी तशीच दिसते पण अर्थ वेगळा : हेक्टर, आर, चौरस मीटर. तिथे मात्र सगळे शंभराच्या पटीत आहे, म्हणून दशांशासारखे वाचले तरी चालते. आणि आर म्हणजे गुंठा नव्हे. आर १०० चौ.मी., गुंठा १०१.१७. एक-दोन गुंठ्यांत कळत नाही, पण एकराला जवळजवळ अर्धा आर निघतो.

पादऱ्याची वाट

जिज्ञासू, बडोद्यात प्लॉट घेताना आणखी एक. बिल्डर आणि दलाल 'वार' सांगतात, दस्तात चौरस मीटर येतात. वार म्हणजे चौरस वार, ९ चौरस फूट, ०.८३६ चौ.मी. १०० वारांचा प्लॉट ८३.६ चौ.मी. भरायला हवा. जंत्रीचे (सरकारी मूल्यदराच्या तक्त्याचे) दर चौरस मीटरवर असतात, तेव्हा वाराचा भाव आणि जंत्रीचा दर थेट शेजारी ठेवून तुलना करू नका.

जिज्ञासू (वडोदरा)

धन्यवाद काका, बाबांना दाखवतो. मांडवीकर, एक विचारू? पादऱ्याचा तो कागद दाखवून जमीन मिळू शकते का? आमच्याकडेही एक सनद आहे.

मांडवीकर (वडोदरा)

माझ्या समजुतीप्रमाणे इनामाचा जुना कागद म्हणजे आज मालकी नव्हे. बडोदे संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झाले, आणि विलीन प्रदेशांतल्या इनामांसाठी १९५५ साली वेगळा निर्मूलन कायदा आला. आज काय आहे ते सात-बारा आणि हक्कपत्रकाच्या नोंदींवरून ठरते. तुमच्या सनदेबद्दल वकिलाचाच सल्ला घ्या, इथल्या कोणाच्या भरवशावर पाऊल उचलू नका. पण कागद मात्र सांभाळा. तो आपल्या माणसांनी कुठली माती कसली ते सांगतो, आणि तेवढ्यासाठीही तो मोलाचा आहे. आधी चांगला स्कॅन करून घ्या, मग न घडी करता सपाट ठेवा.

मोडीप्रेमी (वडोदरा)

स्कॅनवरून आठवले, माप काढण्याआधी दोन गोष्टी नीट वाचा.

पहिली, सन. कागदावर 'इसन्ने मयातैन व अलफ' असे काही असेल तर तो सुहूर सन आहे, अरबी संख्यानामांत लिहिलेला : दोन, दोनशे आणि हजार, म्हणजे १२०२. त्यात ५९९ मिळवले की इ.स. १८०१ - ०२. यावरून कागद सर्व्हेच्या आधीचा की नंतरचा हे लगेच ठरते, आणि काकांनी म्हटल्याप्रमाणे त्यावर सगळे अवलंबून आहे.

दुसरी, अपूर्णांक. मोडीत आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. '३॥' म्हणजे साडेतीन. नव्याने वाचायला शिकलेला माणूस तेच ३११ वाचतो, आणि '१।' हा सव्वा त्याला अकरा दिसतो. लिप्यंतर दुसऱ्याकडून करून घेतले असेल तर मूळ कागदाच्या छायाचित्राशी एकदा जुळवून पाहाच.

राजवाडा चौक (इंदूर)

ताई, तुमची ही टीप वाचून उठलो आणि पेटी उघडली. आमच्या पणजोबांच्या होळकरी कागदाचे लिप्यंतर पूर्वी एकाकडून करून घेतले होते, त्यात 'बाग जमीन बिघे ११' आहे. घरात सगळे अकरा बिघ्यांची बाग सांगतात. मूळ कागदावर दुसरी रेघ पहिल्या आकड्यापेक्षा बारीक आणि सरळ आहे, तिला वरचा बाक नाही. कसे ठरवायचे?

मोडीप्रेमी (वडोदरा)

मोडीतल्या १ ला वर गाठ किंवा बाक असतो, पावाच्या रेघेला नसतो. पण तेवढ्यावर थांबू नका. खाली बेरीज असेल ती पाहा. जिरायत आणि बाग मिळून एकूण दिले असेल तर वजा करून पाहता येईल. बरेचदा एकूण रक्कम किंवा जमीन अक्षरीही लिहिलेली असते.

राजवाडा चौक (इंदूर)

बेरीज मिळाली. जिरायत बिघे ८॥, खाली एकूण ९॥।. म्हणजे पावणेदहातून साडेआठ गेले, राहिले सव्वा. आणि शेवटच्या ओळीत 'पावणेदाहा बिघे' असे अक्षरीही आहे.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

म्हणजे बाग सव्वा बिघ्याची. पंचवीस गुंठ्यांचा बिघा धरला तर सव्वाएकतीस गुंठे, पाऊण एकराच्या थोडी वर. अकरा बिघ्यांनी ती पावणेसात एकरांच्याही पुढे गेली असती. शेजारी विहिरीचा उल्लेख आहे का? एका मोटेवर एवढी बाग भिजेल.

राजवाडा चौक (इंदूर)

आहे. 'विहीर १ मोट १' असे आहे.

मांडवीकर (वडोदरा)

लष्करवासी, ही फारच चांगली कसोटी दिलीत. मीही माझ्या दोन्ही कागदांत विहीर, मोट आणि साऱ्याची रक्कम शोधतो. इतिहासात मी मूळ नोंद जशीच्या तशी आधी देणार, कोणता बिघा धरला ते त्याच्या खाली, आणि आजचे माप 'सुमारे' म्हणून शेवटी. पादऱ्याच्या जमिनीला साडेआठ एकर, देशावरच्या जमिनीला साडेचार ते पाच. पुढच्या महिन्यात साताऱ्याला जाणे आहे. काका, भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करताना सर्व्हे नंबर माहीत नसेल तर सुरुवात कशी करू?

निवृत्त भूकरमापक (सातारा)

आधी गावच्या तलाठ्याकडे जाऊन गावनकाशा पाहा. तुमच्या चतुःसीमेतला ओढा नकाशावर शोधा, त्याला लागून असलेले नंबर टिपून घ्या. मग त्या प्रत्येक नंबरच्या गुणाकार बुकाच्या आणि टिपणाच्या नकलांसाठी एकत्र अर्ज करा. कागदाची छायाप्रत आणि लिप्यंतर सोबत ठेवा. देवाच्या किंवा इनामी जमिनींना गावात अजून जुनी नावे चालतात, तेव्हा कागदात शेताचे नाव असेल तर म्हाताऱ्या माणसांना ते विचारा. ओढा हाती लागला की काम निम्मे झाले.